पन्नी वेगळी, तर गोळी वेगळी

सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीतून माणूस अख्खा कधी दिसत नाही. जाळीखाली एक फट असते, तिच्यातून हात आत येतो आणि हातात चिठ्ठी असते. मी सगळी नोकरी हात बघण्यात काढली. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर बोंडाच्या टोकांचे ओरखडे असतात, हळद काढणाऱ्याची नखं महिनाभर पिवळी राहतात. चेहरे विसरले, हात आठवतात. लोक विचारायचे, "डॉक्टर लिहितो आणि तुम्ही पुडी देता, त्यात काय एवढं?" मी म्हणायचे, हो बाबा, एवढंच. किराणा दुकानदारही तेवढंच करतो. फक्त त्याच्या हातून साखर जास्त गेली तर कोणी मरत नाही.

माझ्या शेवटच्या नेमणुकीचं आरोग्य केंद्र पैनगंगेच्या अलीकडे होतं. या काठाला तेलंगणा, त्या काठाला महाराष्ट्र. सोयरिकींना मात्र नदी आडवी येत नाही. इथल्या निम्म्या लेकी तिकडे दिलेल्या आणि तिकडच्या निम्म्या इकडे. दवाखान्यातला फलक तेलुगूत, गोळीचं नाव इंग्रजीत, डॉक्टर हिंदीत समजावणार आणि समोरची म्हातारी मराठी, तीही निरक्षर. या चौघांची गाठ माझ्या खिडकीत पडायची. "ही सकाळी, ही रात्री" असं सांगून दिलेल्या गोळ्या घरी जाईपर्यंत पिशवीत एक व्हायच्या.

म्हणून मी एक शक्कल काढली. प्रत्येक पेशंटला पुठ्ठ्याचं एक कार्ड करून द्यायचे. गोळीची पट्टी कापताना तिच्या पन्नीचा चौकोनी तुकडा घ्यायचा आणि डिंकाने कार्डावर चिकटवायचा. पांढऱ्या पन्नीपुढे उगवता सूर्य काढला की सकाळ, लाल पन्नीपुढे ताट काढलं की जेवणानंतर. आणि कार्ड हातात देताना प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायचे, "पन्नी येगळी त गोळी येगळी. पन्नी एक त गोळी एक." शाळेतल्या पाढ्यासारखं. बाया हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या. पुरवठा बदलला, दुसऱ्या कंपनीची गोळी आली, तर मी सगळ्यांची कार्डं मागवून नवीन तुकडा चिकटवून द्यायचे. जिल्ह्याहून एक मोठे साहेब तपासणीला आले होते, त्यांनी त्या कार्डाचा फोटो काढून नेला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

आता त्या गोळीबद्दल सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. डिगॉक्सिन तिचं नाव. मसुराच्या डाळीएवढी, पांढरी, दिसायला अगदी गरीब. हृदय थकलं, वाढलं, ठोके वेडेवाकडे पडू लागले, पायांवर सूज आली, की डॉक्टर ती लिहितात. थकलेला बैल पराणी टोचली की धडपडतो आणि नांगर काही पुढे जात नाही. ही गोळी त्याला म्हणते, घाई करू नको, पाऊल कमी टाक, पण रेटून टाक. नाडी मंद होते आणि जोरदार होते. मात्र हे औषध कण्हेरीच्या भावकीतलं आहे. कुंपणाच्या पिवळ्या कण्हेरीत जे विष असतं, ते हृदयावर असंच काम करतं. बाकीच्या औषधांत गुण आणि विष यांच्यात हातभर अंतर असतं, इथे बोटभर. मूत्रपिंड मंदावलं, जुलाब झाले, सोबतच्या लघवीच्या गोळीने अंगातले क्षार वाहून नेले, की ते बोटभर अंतरही संपतं. मग आधी भूक मरते, ओकाऱ्या होतात, नाडी आणखी मंदावते आणि कधीकधी माणसाला जग पिवळं दिसू लागतं.

ती अंगात साठून राहते म्हणून आमच्याकडचे बरेच डॉक्टर आठवड्यात पाचच दिवस देतात, शनिवार-रविवार नाही. मी लोकांना सांगायचे, "गोळीपण सरकारी नोकर आहे, तिला दोन दिवस सुट्टी." सगळ्यांना ते लगेच पटायचं. गुडीहत्नूरला असताना एका निवृत्त पटवाऱ्याला जरा जास्तच पटलं. ते सोमवारी तिन्ही दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "सुट्टी मंजूर हाय त पगार काऊन कापायचा?" दोन दिवस ओकून ते बरे झाले आणि पुढे भेटतील तेव्हा मला सलाम ठोकायचे. तो किस्सा मी पुढे कितीदा तरी हसून सांगितला. आपलं समजावणं माणसाच्या डोक्यात जाऊन आपल्याच गतीने वाढतं, हा धडा मी तेव्हाच घ्यायला हवा होता. मी नुसता किस्सा घेतला.

सुभद्रामाय माझी जुनी पेशंट. नदीकाठच्या एका गावात त्यांची शेती. माझी आई त्यांच्याच शेतात मजुरीने कापूस वेचायची आणि मीही सुट्टीत तिच्यामागे जायचे. पुढे मी शिकून त्याच भागात नोकरीला आले तेव्हा माय खिडकीशी येऊन मोठ्याने म्हणाल्या होत्या, "शेवंताची पोरगी हाय थे. इच्या हातची गोळी लागू पडन." तेव्हापासून त्या मला बाई म्हणत आणि मी त्यांना माय.

मायचा हात कापूस निवडण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. कापूस घरी आला की तो निवडावा लागतो. पांढरा एकीकडे आणि किडलेला, डागी, पिवळा पडलेला दुसरीकडे. या डागी कापसाला आम्ही कवडी म्हणतो. मूठभर कवडी चांगल्या ढिगात गेली तर व्यापारी सगळ्या गाडीला नाक मुरडतो. मायच्या ढिगात तो हात घालूनही बघत नसे.

त्यांच्या हृदयाचं दुखणं चार वर्षांचं. पांढऱ्या पन्नीत डिगॉक्सिन आणि लाल पन्नीत लघवीची गोळी. सून वनिता दर महिन्याला कार्ड घेऊन यायची, तिच्याच हाताने माय गोळ्या घ्यायच्या. चार वर्षांत एक चूक नाही. मी इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

त्या वर्षी कापसाची दुसरी वेचणी चालू होती. बुधवारी सकाळी वनिताचा हात फटीतून आत आला. गोळ्या मोजता मोजता मी विचारलं, "माय कशा आहेत?"

"कायच्या कशा! भाकर खाऊन नाई राह्यल्या. घास पाह्यला की वकारी येते. अन् रोज कटकट."

"कशाची कटकट?"

"कापसाची. पंधरा दिस झाले, सगळा कापूस कवडीत टाकून राह्यल्या. मी म्हणतो, माय, हा पांढरा हाय. त म्हणतेत, मले शिकवतं का? परवा माह्या हातावर चापट मारली. शेजारच्या बाया कुंपणावरून पाहून राह्यल्या होत्या. बाई, मोतीबिंदू झाला असन. डोळ्याच्या कॅम्पात नाव लेहा ना."

मी नाव लिहिलं. होय, मी, डिगॉक्सिनची लक्षणं पाठ असलेली, प्रशिक्षणात पहिला नंबर आणलेली फार्मासिस्ट. ओकारीसाठी पित्ताची गोळी दिली, जेवणाआधी म्हणून सांगितलं, महिन्याची पांढरी पट्टी कापून दिली आणि पुढच्या हाताकडे वळले. रांग मोठी होती. हे कारण मी आजवर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे.

बाराच्या सुमाराला रांग सरली. ड्रेसिंगसाठी कापसाचं नवं बंडल फोडलं आणि हात त्या कापसावरच थांबला. माझ्या आईची नजर शेवटी शेवटी गेली होती. तीही निवडताना चुकायची, पण तिची पांढऱ्यात कवडी जायची आणि कवडीत पांढरा जायचा. नजर अधू असलेला माणूस दोन्हीकडे चुकतो. माय एकाच बाजूला चुकत होत्या. त्यांना अंधूक दिसत नव्हतं. त्यांना पिवळं दिसत होतं. भूक नाही, ओकारी, पिवळं.

वनिताला फोन लावला, लागेना. नदीकाठच्या त्या गावात फोन कधी या राज्याच्या टॉवरवर असतो, कधी त्या राज्याच्या, बहुतेक वेळा कुठल्याच नाही. आमचे डॉक्टर बैठकीला गेलेले. आमच्या सिस्टर सुगुणा, मूळच्या तेलुगू, लसीचा डबा पुसत होत्या. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी डबा ठेवला, स्कूटीची किल्ली घेतली आणि "पदंडी मॅडम, चला" म्हणून बाहेरही पडल्या. औषधाच्या खोलीला कुलूप लावायचंही मी विसरले. माझ्या नोकरीत ते एकदाच घडलं.

नऊ किलोमीटरचा रस्ता. कापसाने भरलेले ट्रॅक्टर समोरून येत होते, रस्ताभर पांढरे पुंजके उडत होते. मी मागे बसून हिशोब करत होते. चार वर्षं गोळी तीच, मात्रा तीच, मग आताच अंगात का साठली? मूत्रपिंड गेलं असेल? चुकून रोज दोन? पण वनिता चुकणारी नाही. आणि आज सकाळी मी आणखी महिन्याचं विष तिच्या हातात ठेवलं होतं.

सुभद्रामाय ओसरीवर दोन ढिगांच्या मधे बसल्या होत्या. एक ढीग टोपलीभर, दुसरा छपराला टेकलेला. अंगणात त्यांचा मुलगा देविदास भरलेल्या पिकअपला दोर बांधत होता, गाडी बाजारात निघायची होती. वनिता पाण्याचा गडवा घेऊन सासूजवळ उभी होती आणि मायच्या तळहातावर एक गोळी होती.

"माय, थांबा! ती गोळी घेऊ नका!" मी फाटकातूनच ओरडले.

मायने मान वर केली. चेहरा राखेसारखा झाला होता. "या बाई. अन् हा पिवळा कोट काऊन घातला वं?"

माझ्या अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट होता.

मी त्यांचा हात धरला. ओळखीचा, ओरखड्यांचा हात, पण गार. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट नाडी मोजली. एक ठोका, मग वाट पाहायची. दोन ठोके लागोपाठ, मग काहीच नाही. अडतीस. सुगुणांनीही मोजली, त्यांचेही अडतीस भरले.

"कोणती गोळी होती ही?" मी वनिताला विचारलं.

ती आतून स्टीलचा डबा घेऊन आली. त्यात माझं कार्ड, पांढरी पट्टी, लाल पट्टी आणि त्यांच्याखाली आणखी दोन पट्ट्या, एक निळी, एक चंदेरी. निळीवरचं इंग्रजी नाव मी पहिल्यांदाच वाचत होते. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात डिगॉक्सिन. चंदेरी होती लघवीची.

"ह्या कुठून आल्या?"

"नदीपलीकडून," माय म्हणाल्या. "मांगच्या महिन्यात लेकीच्या घरी बारशाले गेल्ती. तेथी दम लागला. जावई डाक्टरकडे घेऊन गेले. त्यानं लेहून देल्या."

"त्यांना आपलं कार्ड दाखवलं नाही?"

"कार्ड घरीच राह्यलं. पन मी ध्यान ठेवलं ना बाई. पांढऱ्या पन्नीची इकडची, सकाळी. निळ्या पन्नीची तिकडची, दुपारी. तुमीच त शिकवलं, पन्नी येगळी त गोळी येगळी."

वनितानेही शेजारून मान हलवली. "म्या पन इचार केला, एक असती त पन्नी एक असती."

दोन राज्यांच्या दोन डॉक्टरांनी एकाच माणसाला एकच औषध लिहिलं होतं. दोघंही बरोबर होते. वनिता बरोबर होती, माय बरोबर होत्या. चुकीचा होता तो माझा पाढा. नदीपलीकडे माझा डिंक पोचत नाही, हे कार्ड चिकटवताना एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

सरकारी रुग्णवाहिकेला फोन लागला तेव्हा ती हद्दीच्या दुसऱ्या टोकाला होती. मी म्हटलं, ही पिकअप चालू करा. देविदास गोंधळून गेला. "गोळीनं असं कसं होईन बाई? गोळी त तब्येतीसाठी असते." त्याला एका वाक्यात समजावं म्हणून मी म्हणाले, "जास्त झाली तर कण्हेरीसारखंच विष आहे हे." त्याची नजर कुंपणाकडे गेली. अंगणाच्या कडेला त्यांची कण्हेर पिवळीधमक फुलली होती. मला तेव्हा वाटलं, याला समजलं.

कापूस उतरवायला वेळ नव्हता. मायला पिकअपमध्ये कापसावरच आडवं केलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला गोळ्यांचा डबा घेऊन वनिता, देविदास पुढे ड्रायव्हरजवळ. सुगुणा केंद्राकडे परतल्या. आदिलाबादचा मोठा दवाखाना तासाभरावर होता. मी मायचं मनगट सोडलं नाही. गाडी खड्ड्यात आदळली की बोटाखालचा ठोका हरवायचा आणि तो गाडीमुळे हरवला की खरंच थांबला, हे कळायला दुसऱ्या ठोक्याची वाट पाहावी लागायची. आयुष्यात मी इतकं लांब काही मोजलेलं नाही. माय आभाळाकडे बघत म्हणाल्या, "वने, आभाळबी कवडी झालं वं." वनिताने पदराने त्यांचे डोळे झाकले आणि मग आपले पुसले. उतरताना तिने मूठभर कापूस पदराच्या गाठीत बांधलेला मी पाहिला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

दवाखान्यात मी धावतच सांगितलं, डिगॉक्सिन जास्त झालंय, दोन ठिकाणचं, लघवीची गोळीही दुप्पट. तिथल्या तरुण डॉक्टरने पट्ट्या बघितल्या, आलेख काढला, कपाळाला आठ्या घालून भराभर सूचना दिल्या. इंजेक्शन, सलाईन, रक्तातल्या क्षारांची तपासणी. पडदा ओढला गेला. आम्ही बाहेर.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आला. हातात माझं कार्ड होतं. "कार्ड पे तो एक ही है," तो म्हणाला. "घर में गोली कौन देता है?"

"मै," वनिता म्हणाली.

"दुगुनी गोली इतने दिन से दे रहे, समझ में नहीं आया? उल्टी हो रही, खाना बंद, फिर भी? घर में कुछ झगड़ा है क्या?"

देविदास भोळा माणूस. म्हणाला, "हाँ साब, कापूस पे से हय."

"फिर तो पुलिस को बताना पड़ेगा. बुढ़िया को कुछ हो गया तो हम जवाब नहीं देंगे."

आता मी बोलायला हवं होतं. तोंडात वाक्य तयार होतं. मीच शिकवलं, साहेब. तीन शब्द. पण त्याच वेळी मला माझ्या निवृत्तीला उरलेले आठ महिने दिसले. पेन्शनचे कागद दिसले, फोटो काढून नेणारे साहेब दिसले. शेवंताची पोरगी खिडकीमागे खुर्चीवर बसली म्हणून जळणारे दोनचार चेहरेही दिसले. मी खाली बघत राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. नाडी मोजायला लागतो त्याहून जास्त नसेल.

तेवढ्यात देविदास वळला. बायकोकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "खरं सांग. कण्हेर त नाई देली तुनं मायले?"

वनिता रडली नाही, ओरडली नाही. तिने भिंतीला हात टेकला, बस्स. बाकावरच्या दोन बायका आमच्याकडे बघायला लागल्या. नर्सही थांबली.

"देविदास!" माझा आवाज मलाच परका वाटला. "तिने काही केलं नाही. मी केलं. पन्नी वेगळी तर गोळी वेगळी, हे मी शिकवलं. तिने माझं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा." मग डॉक्टरकडे वळून तेच हिंदीत सांगितलं. पन्नीचं कार्ड, पाढा, नदीपलीकडचा डॉक्टर, आज सकाळी मी दिलेली पित्ताची गोळी, सगळं. तो म्हणाला, "लिख के दीजिए." मी तिथेच लिहिलं, सही केली आणि हुद्दा घातला. अक्षर चांगलं आलं.

माय वाचल्या. दुसऱ्या दिवशी नाडी पन्नाशीच्या वर आली. वनिता तिथून हलली नाही. रोज सकाळी पदराची गाठ सोडून ती कापूस सासूपुढे धरायची. "माय, कोणता रंग?" पहिल्या सकाळी पिवळा. दुसऱ्या सकाळीही पिवळा. तिसऱ्या सकाळी माय म्हणाल्या, "हळद धुतल्यावाणी." पाचव्या सकाळी मी तिथे होते. मायने कापूस हातात घेतला, सवयीने बोटांनी फाकवून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. "दुधावाणी हाय वं. अन् मी तुले मारलं."

माझ्याकडून खुलासा मागवला गेला, पन्नीची कार्डं बंद करण्याचा कागद आला. बंद केली. पण काहीच न देता लोकांना कसं सोडायचं? म्हणून दुसरा पाढा सुरू केला, "एक माणूस, एक पिशवी." घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या, या काठाच्या, त्या काठाच्या, सगळ्या एका पिशवीत घालून दर खेपेला खिडकीत ओतायच्या. मी नावं वाचणार, सारखी निघाली की एक बाजूला काढणार. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना हातात ती पिशवी पाहिजेच. पहिली पिशवी मायने मांजरपाटाची शिवली. खिडकीतून आत सारताना मुद्दाम विचारायच्या, "बाई, पांढरीच हाय ना?" मी म्हणायचे, "पांढरीच आहे, माय." हा आमचा दर महिन्याचा खेळ झाला. त्या खेळात वनिता कधी हसली नाही. आठ महिने ती पिशवी आणत होती, गोळ्या घेत होती आणि जात होती.

निवृत्तीनंतर मी आदिलाबादजवळच्या मावल्याला राहायला आले. तीन वर्षं झाली. आजूबाजूचे लोक अजून पिशव्या घेऊन येतात, मी ओसरीवर बसून नावं वाचते. गेल्या महिन्यात फाटकाशी वनिता उभी दिसली. हातात तीच मांजरपाटाची पिशवी. माय दिवाळीनंतर गेल्या, झोपेतच गेल्या, दुखणं जुनंच होतं. उरलेल्या गोळ्या टाकवत नव्हत्या म्हणून ती माझ्याकडे घेऊन आली होती.

मी चहा केला. खिडकी नव्हती, जाळी नव्हती, ती पहिल्यांदा अख्खी माझ्यासमोर बसली होती. मी म्हणाले, "वनिता, त्या दिवशी तुझ्यावर फार वाईट वेळ आली. माझ्यामुळे. मी बोलले खरी, पण..."

"बोलल्या ना तुमी," ती म्हणाली. "पन त्यानं कण्हेरीचं इचारल्यावर बोलल्या. त्याच्या आंदी बोलल्या असत्या, त त्यानं इचारलंच नसतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. गावात पुढे कित्येक दिवस बाया तिच्याकडे बघून गप्प व्हायच्या, हे मला माहीत होतं. देविदासने माफी मागितली होती, हेही माहीत होतं. त्याने ते विचारलं होतं, एवढंच मागे घेता येत नव्हतं.

"माय घरी आल्या ना दवाखान्यातून," ती चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "त दारातच बसल्या. आत येऊन नाई राह्यल्या. लेकाले म्हने, आंदी कुऱ्हाड आन. अंगणातली कण्हेर मुळासगट तोडाले लावली. एक फांदी नाई ठेवली. म्हने, मी आज ना उद्या मरन. मी मेल्यावर माह्या सुनेले कोनं थे परत इचारलं नाई पायजे."

मी पिशवी ओसरीवर ओतली. पांढऱ्या पन्नीची एक पट्टी, लाल पन्नीची दीड. नावं वाचून दाखवली. सारखं काहीच नव्हतं.